सुट्टीवरचा नवरा, कादंबरीतला नवरा

कादंबरी हातात आली की मी आधी शेवटची पानं वाचते. वाचनालयातल्या बायका म्हणतात, "अशानं मजा जाती की!" जाऊ दे. मजा गेली तरी चालेल, मला फसायचं नसतं. शेवट आधी माहीत असला की लेखक आपल्याला तिथवर कसा नेतोय, कुठं ढकलतोय, कुठं डोळ्यांत धूळ फेकतोय हे स्वच्छ दिसतं. बाजारात वांगी घेताना आपण देठ बघतोच ना?

रहिमतपुरातल्या एका वाचनालयात मी काम करते. नवी पुस्तकं आली की शिक्के मारायचे, मागं तारखांचा कागद चिकटवायचा, कपाटात लावायची, आणि दुपारी बायका आल्या की "काय चांगलं आलंय?" याला उत्तर द्यायचं. उत्तर द्यायचं तर वाचलं पाहिजे, म्हणून वाचते. माझं माहेर वडूजच्या पलीकडं, मेंढरं राखणाऱ्यांचं. पावसाळा सोडला तर वडील घरी नसायचे, कळपामागं असायचे. त्या घरातली मी पहिली बी.ए., आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. आमच्या घरात पुस्तकच नव्हतं, त्यामुळं छापलेलं ते सगळं खरं असतं असंही मला कुणी शिकवलं नाही. हा माझा फायदाच झाला.

गेल्या वर्षात आमच्याकडं प्रेमाच्या कादंबऱ्या खूप आल्या. मागणीच तशी आहे. मी त्या एकामागून एक वाचल्या आणि एकामागून एक माझा संशय वाढत गेला.

एक पुण्यातली होती. नायिकेचं छोटं कॅफे, नायक घरांचे नकाशे काढणारा. दोघांना आई नाही, बाप नाही, चुलता नाही, मावशी नाही. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत एकही पाव्हणा दारात येत नाही. मला वाटलं, लेखिकेनं आधी एखादी साथ आणून सगळी भावकी संपवली आणि मग लिहायला बसली की काय. नायक रोज सकाळी चहा करतो, कप नायिकेच्या उशाशी ठेवतो आणि विचारतो, आज कसं वाटतंय? नायिकेच्या डोळ्यांत पाणी. असं पाच-सहा वेळा. मग मधेच कळतं की गड्याला सिंगापूरला नोकरी लागलीय आणि तो ते सांगायचं धाडस गोळा करतोय. म्हणजे चहाच्या कपामागं बेत होता. पण नायिकेला संशय येत नाही! मला पहिल्या कपालाच आला होता.

आमच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी शेरा लिहायची जुनी खोड आहे. मी खोडरबर घेऊन ते पुसावेत असा नियम आहे. मी पुसत नाही, कारण पुष्कळदा पुस्तकापेक्षा शेरे बरे असतात. या कादंबरीच्या मागं कुणीतरी नाजूक अक्षरात लिहिलं होतं, 'असा नवरा सर्वांना मिळो.' त्याखाली दुसऱ्या कुणीतरी दाबून लिहिलं होतं, 'मिळाला तर कळवा.'

दुसरी फौजी माणसाची. कादंबरीतला फौजी कधीच हवालदार नसतो. कॅप्टन असतो, त्याच्या वर मेजर असतो. आमच्या भागात ज्या त्या गल्लीत फौजेतला माणूस आहे. कॅप्टन मी फक्त कार्यक्रमाच्या व्यासपीठावर बघितलाय. हा कॅप्टन धुक्यातून येतो आणि नायिका खिडकीत उभी असते. घरात दुसरं कुणी नाहीच. मी हवालदाराची बायको. ह्यांची सुट्टी म्हणजे काय ते मला विचारा. आले की पहिले काही दिवस झोप. मग भेटायला येणारी माणसं. मग ह्यांच्या घरी जेवण, त्यांच्या घरी जेवण. मग कौलं, मोटर, पाइपलाइन, जे काही वर्षभर मोडून पडलंय ते. बायकोशी बोलायला निवांत वेळ मिळाला म्हणेपर्यंत परतीचं रिझर्वेशन. सुट्टीवरचा नवरा हा घरातला पाव्हणा असतो. त्याला चांगली चादर असते, भाकरीवर जास्त लोणी असतं आणि त्याच्याशी कुणी भांडत नाही.

तिसरी तर आमच्याच जिल्ह्यातली, म्हणजे लेखकानं तसं छापलंय. उसाच्या तुऱ्याचा मंद सुगंध गावभर पसरतो म्हणे. मी वाचनालयातून सुटल्यावर मुद्दाम एका तुऱ्याला नाक लावून आले. रस्त्यावरचा एक म्हातारा थांबून बघत होता. "काय बाई, सर्दी झालीया का?" तुऱ्याला वास नसतो. आणि त्यातली नायिका धनगराची पोर, कोकरू कुशीत घेऊन टेकडीवर गाणं म्हणत बसते. मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाला गाणं सुचत नाही हो. त्याची नजर कोणतं मेंढरू कुणाच्या ज्वारीत तोंड घालतंय यावर असते, कारण शिव्या त्यालाच खायच्या असतात. हे मी वडिलांच्या तोंडून ऐकलंय आणि थोड्या शिव्या स्वतःही खाल्ल्यात.

चौथीबद्दल मी कुणाशी बोलले नाही.

राखाडी रंगाचं साधं पुस्तक. बोटीवर नोकरी केलेला माणूस कायमचा घरी येतो. नवरा-बायको दोघं चांगली आहेत. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. फक्त तो घरी आल्यापासून तिला घरात पाय कुठं ठेवावा कळेनासं होतं, आणि त्यालाही. जेवताना बोलायला विषय नाही. शेवटी तो लांबच्या बंदरावर दुसरी नोकरी धरतो आणि दोघंही सुटल्यासारखा श्वास घेतात. मी नेहमीसारखा शेवट आधी वाचला, मग पहिल्यापासून एकेक पान खोटं शोधत गेले. सापडलं नाही. एका परिच्छेदाला मी पेन्सिलीनं रेघ मारली, पुढं गेले, परत आले, पुन्हा त्याच रेघेवर रेघ ओढली. मग ते पुस्तक कपाटात मागच्या रांगेत ढकललं. दुसऱ्या दिवशी काढून पिशवीत घालून घरी आणलं.

कारण आमचे हे दिवाळीच्या आधी कायमचे घरी आले होते.

नोकरी पुरी केली, पेन्शन घेतली, गावात हार-तुरे झाले. मुलगी साताऱ्याला वसतिगृहात राहून शिकते. घरात मी, सासूबाई आणि हे. पहिला महिना सुट्टीसारखा गेला. चांगली चादर, जास्त लोणी. मग सुट्टी संपायची वेळ आली तशी आम्हा तिघांनाही सवयीनं हुरहूर लागली, आणि सुट्टी काही संपेना. हे पहाटे उठून अंगण झाडू लागले. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणं रांगेत लावले. तिखटाचा डबा सगळ्यात वर गेला, कारण तो लहान. मी संध्याकाळी येऊन काही न बोलता परत खाली ठेवला. सकाळी तो परत वर. सासूबाई शेजारी निघाल्या की हे विचारायचे, "कुठं चाललीस? किती वेळ?" सासूबाई माझ्याकडं बघून म्हणायच्या, "ह्यो पास देणाराय का मला?"

आणि मग एका सकाळी ह्यांनी चहा केला.

मी आंघोळ करून येते तर कप माझ्या उशाशी. मी उशाशी नव्हतेच, पण कप तिथंच ठेवलेला. हे दारात उभे. म्हणाले, "आज कसं वाटतंय?"

आमच्या घरात हा प्रश्न ताप आलेल्या माणसाला विचारतात. मी म्हणाले, "बरंय की. का?"

"न्हाई, आपलं विचारलं."

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी चाफ्याची फुलं आणून माझ्या पुस्तकांशेजारी ठेवली. सासूबाई चूल सारवत होत्या. गॅस आला तरी त्यांची चूल आहेच. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "काय म्हणतोय तुजा नवरा?"

"काय न्हाई आत्या. चहा करत्यात."

"ते दिसतंय. बापय मानूस चुलीफुडं आला म्हंजी त्येला कायतरी मागायचं असतंय, न्हाईतर सांगायचं असतंय. त्येच्या बापानं एकदाच च्या केलता. दुसऱ्या दिशी बैल इकला."

संशय मला आधीच आला होता. आता त्याला जोडीदार मिळाला. मी वाचायला घरी आणलेली कॅफेवाली कादंबरी पुस्तकांच्या पिशवीतून काढली. एका पानाचा कोपरा दुमडलेला. मी कधी पान दुमडत नाही, वाचकांनी दुमडलं तर ओरडते. आणि हा कोपरा असा काटकोनात, नखानं घडी दाबून दुमडलेला, की तशी अंथरुणाची घडी फक्त बराकीत होते. उघडलं तर चहाचंच पान. म्हणजे मी वाचनालयात असताना हे माझ्या कादंबऱ्या वाचत होते. नुसत्या वाचत नव्हते, नवीन हत्याराचं पुस्तक वाचावं तशा वाचत होते; आज हे शिकलो, उद्या करून बघायचं.

कुणी म्हणेल, किती गोड! मला तसं वाटलं नाही. मला सिंगापूर आठवलं. त्या नायकाच्या चहाच्या पुढची पानं मी वाचलेली होती. आणि पिशवीत चौथं, राखाडी पुस्तक नव्हतं.

मी काही विचारलं नाही. नवऱ्याला सरळ विचारायला मी घाबरते असं नाही. पण विचारलं की खरं उत्तर येणार, आणि ते उत्तर मला नको होतं. ह्यांना परत कुठंतरी जायचं होतं. फौजेतून आलेली पुष्कळ माणसं वर्षभरात परत कुठंतरी पहारेकऱ्याच्या नोकरीवर निघून जातात. बायका सांगतात, 'त्येस्नी घरात करमत न्हाई.' कुणाला कुणाशी करमत नाही ते कुणी सांगत नाही.

त्याच सुमारास सांगलीच्या बायकांच्या एका वाचक मंडळानं मला बोलावलं. अलीकडं वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोला म्हणाले. मंडळातली एक बाई आमच्या वाचनालयात आली होती, माझं तोंड तिनं ऐकलं होतं. मी एस.टी.चं वेळापत्रक बघत होते तेवढ्यात हे म्हणाले, "मी सोडतो की मोटरसायकलवर. माझा बी एक मैतर हाय सांगलीत. भेटून येतो."

हा मित्र ह्यांच्याच पलटणीतला, आधी पेन्शनवर आलेला. कंपन्यांना पहारेकरी पुरवतो. मी पदर खोचता खोचता म्हणाले, "बरं." आणि मनात म्हणाले, आलं सिंगापूर.

सांगलीच्या त्या सभागृहात पंखे होते, पाणी होतं, गुलाबाचं फूल मिळालं. मी उभी राहून बोलले. भावकी मारून टाकलेली कादंबरी सांगितली, कॅप्टन सांगितला, उसाच्या तुऱ्याला नाक लावलेलं सांगितलं. बायका खळखळून हसत होत्या. मला जरा चढलंच. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाई उठल्या. पांढरे केस, चष्म्याला साखळी.

"तुम्ही छान बोलता," त्या म्हणाल्या, "पण मघापासून नावंच ठेवताय. एखादी आवडलेली सांगा की. का आवडणं तुमच्या नोकरीत बसत नाही?"

सभागृह हसलं. यावेळी माझ्यावर. मी प्यायला पाणी घेतलं. नाही म्हणता आलं असतं. वेळ संपला म्हणता आलं असतं. पण समोर उभ्या बाईनं सरळ विचारलं आणि मला वाकडं बोलता येत नाही. मी बोटीवरच्या माणसाची गोष्ट सांगितली. तो घरी आल्यावर घर कसं अवघडलं, बोलणं कसं आटलं ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "खोटं शोधत होते, सापडलं नाही."

"मग रडलात?"

"नाही. कपाटात मागच्या रांगेत टाकली."

परत हशा. टाळ्या. आणि टाळ्या वाजवणाऱ्या बायकांच्या डोक्यांपलीकडं, मागच्या दाराशी, हेल्मेट हातात धरून हे उभे होते. कधीपासून होते कुणास ठाऊक. टाळ्या त्यांनीही वाजवल्या, हेल्मेटवर, हळू.

परतीच्या रस्त्याला कुणी बोललं नाही. मोटरसायकलवर तसंही वाऱ्यात ऐकू येत नाही, हा त्या वाहनाचा मोठा गुण. कडेगावच्या अलीकडं एक रसवंती लागली. हे थांबले. बाकावर बसलो. घुंगरांचा आवाज करत चरक फिरत होता. ग्लास हातात आल्यावर मीच सुरुवात केली.

"मैतर काय म्हणतोय?"

"बरा हाय."

"नोकरी देतोय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"त्या कॅफेच्या पुस्तकातल्या गड्यानं. त्यो बी चहा करून सिंगापूरला चाललाता."

त्यांना हसू आलं, पण ओठांपर्यंतच. म्हणाले, "सिंगापूर न्हाई. गोव्याच्या अलीकडं कंपनी हाय. गार्डांवर सुपरवायझर. ऱ्हायला खोली. पैल्या तारखंला हजर व्हायचं."

"व्हय म्हणालासा?"

"म्हणालो."

"कवा सांगणार होतासा?"

"सांगणारच हुतो. कसं सांगायचं त्येचं बघत हुतो. तुज्या पुस्तकात नदीच्या काठाला नेऊन सांगत्यात. म्हणलं सांगलीत घाटावर जाऊ. पर तू भाषणातनं बाहेर आलीस तवा तुज्या हातात ते फूल... मला काय जमलं न्हाई."

मी ग्लास खाली ठेवला. "ते राखाडी पुस्तक कुठाय?"

"माज्या पिशवीत हाय. वाचलं मी. दोनदा." मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "रेघ मारलीयास तू. दोनदा."

मी बाकावरचा ग्लास उगाच सरकवला.

"मला काय लय कळत न्हाई पुस्तकातलं. पर रेघ कळती. मी घरात जड झालोय. आईला बी झालोय. डबं हलवलं तर तू भांडली न्हाईस, गप जाग्यावर ठेवलंस. भांडली असतीस तर म्हणलं असतो, हां, घरातला हाय मी. म्हणून मग च्या करून बघितला. त्यो बी तू संशयानंच प्यालीस. कप उचलून वास घेतलास, बघितलं मी. आन आज तर सगळ्या बायकांफुडं सांगितलंस, खोटं न्हाई म्हणून."

चहासुद्धा जाण्यासाठी नव्हता, राहता येतंय का ते बघण्यासाठी होता. शेवटची पानं आधी वाचूनही मी एवढं चुकले होते. तरी त्या वेळी 'आवं, ते आपलं पुस्तकातलं' असं म्हणून मला सुटता आलं असतं. दुसरी कुणी म्हणाली असती. पण ज्या बाईनं सबंध दुपार लेखकांना खोटारडं म्हणण्यात घालवली तिनं रसाच्या ग्लासासमोर खोटं बोलायचं?

"व्हय," मी म्हणाले. "जड झाला होतासा. लय जड झाला होतासा. तुमी स्वयंपाकघरात उभं ऱ्हायला की मला माझीच पळी सापडत न्हवती. खरं वाटलं म्हणूनच रेघ मारली."

"मग झालं की."

"काय झालं?"

"जातो म्हणतोय न्हवं. तू थोडीच थांब म्हणणाराईस. इतक्या वर्षांत एकदा बी म्हणाली न्हाईस."

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. सुट्टी संपून माणूस निघाला की बायकोनं त्याच्या हातावर दही-साखर द्यायची आणि आत वळायचं. उंबऱ्याबाहेर यायचं नाही, परत कधी येणार विचारायचं नाही, आणि थांबा हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्येचा पाय अडखळंल असं काय बोलायचं न्हाई." मी ते पाळलं. अभिमानानं पाळलं. इतर बायका स्टँडवर डोळे पुसायच्या तेव्हा मला वाटायचं, आपण घट्ट आहोत. आतल्या खोलीत मी काय करत होते ते कुणी बघितलेलं नाही आणि इथंही लिहिणार नाही.

"तुमच्या आईनंच शिकवलंय मला," मी म्हणाले.

"म्हाईत हाय गं. पर तवा फौज हुती. वर ऑर्डर हुती. आता कुनाची ऑर्डर हाय? आता बी तू दह्याची वाटी घेऊनच उभी ऱ्हाणार."

चरक थांबला होता. रसवंतीवाला फडक्यानं एकच फळी पुसत होता, आणि ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

मी म्हणाले, "जाऊ नका."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं. पहारा देणारा माणूस अनोळखी गाडीकडं बघतो तसं. आणि विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं?"

आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. एवढी वर्षं न काढलेला शब्द काढला, आणि माझा नवरा त्याचा देठ बघतोय!

"पुस्तकातलं? पुस्तकातल्या बायकांला काय, तोंड धुवून बोलता येतंय! माझ्या तोंडाला उसाचा फेस लागलाय. ऐका, मला काय तुमच्या चहाचं कौतुक न्हाई, साखर लय घालतासा. डब्यांस्नी हात लावला तर आजपास्नं भांडणार हाय मी, आधीच सांगते. पर गोव्याला जायचं न्हाई. पोरगी सुट्टीला आली की तुमच्याफुडं सावरून बसती, बघितलंय का तुमी? मामाफुडं पाय पसरून बसती आन बापाफुडं सावरून. ते कवा सुटायचं? आत्याचं गुडघं धरल्यात. आन माझं म्हणाल तर मला बी भांडायला मानूस पायजे. फोनवर भांडण रंगात आलं की तुमचं नेटवर्क जायचं. मी उरलेलं भांडण एकटी भांडत बसायची, रात-रात. ते लिवलंय का कुठल्या पुस्तकात? दावा!"

दम लागला मला. ह्यांच्या हातातला ग्लास तसाच. रसवंतीवाला पुढं आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, वहिनीस्नी आणि अर्धा देऊ का?"

"द्या," हे म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "उद्या करतो फोन त्येला."

"उद्या न्हाई. आत्ता. आन स्पीकरवर."

"इस्वास न्हाई माज्यावर?"

"न्हाई."

त्यांनी फोन काढला. मित्रानं लगेच उचलला. "बोल रं गड्या, पोचला का?"

"वाटंत हाय. ऐक, मी येत न्हाई."

पलीकडून आवाज बदलून, "वहिनी शेजारी हायती व्हय?"

"हायती."

"मग फोन स्पीकरवर असंल."

"हाय."

"नमस्कार वहिनी."

"नमस्कार भावजी," मी म्हणाले.

"आवं, जागा चांगली हाय. दोन महिन्यांनी हेच साहेब घरात कटाळून परत माज्याकडं येतील, तवा जागा ऱ्हायची न्हाई. तुमी शिकलेल्या. जरा इचार करा."

मी तोंड उघडलं, पण ह्यांनी हात वर केला. "तिला कशाला सांगतोस? मी बोलतोय न्हवं. येत न्हाई म्हणलं." मग त्यांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि चिपाडांच्या ढिगापर्यंत चालत गेले. तिथं पाठ करून बराच वेळ बोलले. एकदा हसलेही. परत आल्यावर मी विचारलं, "काय बोलत होतासा?"

"काय न्हाई. बस मागं."

घरी पोचेपर्यंत मी त्या 'काय न्हाई'चा विचार करत होते. समोर एक बोलायचं आणि चिपाडांजवळ जाऊन दुसरं ठरवायचं, असं एक सोडून तीन कादंबऱ्यांत वाचलेलं होतं मी. पुढचे दिवस ह्यांचं सगळं नेहमीसारखं. चहा बंद झाला नाही, साखर कमी झाली. डब्यांवरून आमचं खरोखरच भांडण झालं, आणि सासूबाई इतक्या खुशीत दिसल्या की त्यांनी त्या दिवशी पुरणाचा घाट घातला. तरी मी निर्धास्त झाले नाही. जाणाऱ्या माणसानं जायच्या आधी घरात गोडीनं राहणं हे मला काही नवीन नव्हतं.

पहिली तारीख उजाडली. मला लवकर जाग आली. शेजारी अंथरूण रिकामं, घडी घातलेलं, कोपऱ्याला कोपरा. मी कुणाला हाक न मारता थेट मधल्या खोलीत गेले आणि पलंगाखालची ह्यांची काळी पेटी ओढली. ती पेटी घेऊनच हे प्रत्येक वेळी जायचे. पेटी हलेना. परत ओढली तेव्हा जेमतेम वीतभर बाहेर आली. जड. म्हणजे भरलेली. आणि कडीला कुलूप.

"काय शोधतीस गं?"

सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात सूप.

"पेटी... भरलीया आत्या."

"भरलीया की. हरभरा हाय त्यात. परवाच भरला मी. पोत्यात किडं पडत्यात, लोखंडात बरा ऱ्हातोय."

इतक्या वर्षांत त्या घरात हरभरा पोत्यातच राहिला होता. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. सूप झटकल्यासारखं केलं.

"आन किल्ली?"

"हाय माज्याजवळ. तुला कशाला पायजे?"

बाहेर अंगण झाडल्याचा आवाज येत होता. मी पेटी पायानं परत आत सरकवायला गेले. ती काही सरकली नाही, तेव्हा सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि आम्ही दोघींनी मिळून लोटली.